पाच रुपयांच्या पाकिटाचा किलोचा भाव

किराणा दुकानाच्या दारात वेफर्सच्या माळा लटकत असतात. त्यातलं पाच रुपयांचं एक पाकीट तोडून घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. वजन समजा १२ ग्रॅम असेल, तर प्रति ग्रॅम किंमत साधारण ४२ पैसे पडते. पाकिटावर ही प्रति ग्रॅम किंमत छापण्याचा नियम २०२२ मध्ये आला. हेतू चांगला, पण ४२ पैसे वाचून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. हजाराने गुणलं की येतो, कारण किलोचा भाव चारशे रुपयांच्या वर जातो. त्याच दुकानात खाली गोणीत बटाटे तीस रुपये किलोने पडलेले असतात, आणि शेंगदाणे वेफर्सच्या एक तृतीयांश भावात मिळतात.

हा हिशेब सांगितला की मध्यमवर्गीय घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मग ही माणसं मुलांना केळं का देत नाहीत?" प्रश्न मूर्खपणाचा नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की किंमत म्हणजे किलोचा भाव. माणूस खाणं विकत घेताना किलोचा भाव क्वचितच बघतो. तो काय बघतो ते कळलं, की चुकीचं खाणं स्वस्त असण्याचा आणि वजन वाढण्याचा संबंध उलगडायला लागतो.

अमेरिकेत या विषयावर बरीच वर्षं वाद झाला. वॉशिंग्टन विद्यापीठातले अ‍ॅडम ड्रूनॉव्स्की यांनी २००० नंतरच्या दशकात दाखवलं, की दर कॅलरीमागे किती पैसे पडतात हे मोजलं तर साखर, तेल आणि मैद्याचे पदार्थ सगळ्यात स्वस्त ठरतात आणि भाज्या-फळं सगळ्यात महाग. गरीब माणूस पैसे वाचवायला गेला की आपोआप साखर-तेलाकडे ढकलला जातो, असा त्याचा अर्थ. मग २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अर्थतज्ज्ञांनी उलटा मुद्दा मांडला. पालकात कॅलरी जवळजवळ नसतातच, तेव्हा कॅलरीमागे भाव काढला तर पालक महाग दिसणारच! एका वाढणीला किती पैसे पडतात हे मोजा, मग बहुतेक भाज्या चिप्सपेक्षा स्वस्त निघतात. दोन्ही बाजूंची आकडेमोड बरोबर होती, फक्त पट्टी वेगळी होती.

हीच पट्टी आपल्याकडे लावून पाहू. भाव ढोबळ धरले आहेत, गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतील. एका रुपयात साखरेच्या जवळपास ९० कॅलरी मिळतात, मैद्याच्या ७५, पामतेलाच्या साठेक. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या पंचेचाळीसच्या आसपास. तूरडाळीच्या २५, केळ्यांच्याही तेवढ्याच. अंड्याच्या दहा. टोमॅटोच्या पाच, सफरचंदाच्या आणि पालकाच्या जेमतेम तीन.

आणि आपल्या वेफर्सच्या? रुपयाला तेरा. म्हणजे वजनाने बघा नाहीतर कॅलरीने, वेफर्स महागच. बिस्किटाची गोष्ट मात्र निराळी, ते खरोखरच स्वस्त पोटभरू आहे. बिस्किटाचा पुडा आणि चहा यांवर दुपार काढणारा मजूर हिशेबात कच्चा नसतो. दोघांना एकाच 'जंक फूड'च्या टोपलीत टाकलं की हा फरक दिसत नाही, आणि तो पुढे करांचं बोलताना लागणार आहे.

या यादीत मुद्दाम मागे ठेवलेली दोन नावं म्हणजे ज्वारी आणि शेंगदाणे. ज्वारीच्या रुपयाला ६५-७० कॅलरी पडतात, शेंगदाण्याच्या चाळीस. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कॅलरीच्या हिशेबात बिस्किटाशी सहज टक्कर देते, आणि प्रथिनं, तंतू यांत त्याच्या कितीतरी पुढे. त्यामुळे 'चांगलं खाणं परवडत नाही' हे विधान आपल्याकडे अर्धंच खरं आहे. धान्य आणि शेंगदाणे परवडतात, डाळ ओढूनताणून परवडते. न परवडणारा भाग म्हणजे भाजी, फळं, दूध, अंडी.

तोच भाग नेमका महत्त्वाचा आहे, हे पुण्यापासून लांब नसलेल्या सहा खेड्यांत दिसून आलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर बायकांचा आहार आणि त्यांच्या बाळांची वाढ यांचा माग ठेवला. २००१ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत बाळाच्या आकाराचा संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. नुसत्या एकूण कॅलरींशी नव्हे. म्हणजे रुपयाला तीन कॅलरी देणाऱ्या पालकाकडून जे मिळतं, ते कॅलरीच्या पट्टीवर उमटतच नाही.

आता वेफर्सकडे परत. किलोने महाग, कॅलरीने महाग, तरी ते का खपतं? कारण गिऱ्हाईकाच्या दृष्टीने त्याची किंमत पाच रुपये असते, चारशे रुपये किलो नसते. पाच रुपये म्हणजे एक नाणं. ते शाळकरी मुलाच्या खिशात असतं, रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात सुटं असतं. पाव किलो सफरचंदाला चाळीस रुपये एकदम काढावे लागतात, आणि घरात तीन पोरं असतील तर फोडी करून वाटावे लागतात. भाकरी स्वस्त आहे खरी, पण तिच्यामागे गॅस आहे, दळण आहे, आणि कोणीतरी चुलीपुढे उभं राहण्याचा तासभर आहे. हा तास बहुतेक वेळा घरातल्या बाईचाच असतो, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही. ती बाई दोन घरची धुणीभांडी करून सात वाजता घरी येत असेल, तर तिच्यासाठी त्या तासाला भाव आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही: पाकिटाची किंमत हलत नाही. जुलै २०२३ मध्ये देशातल्या भाज्यांची किरकोळ महागाई आदल्या वर्षाच्या तुलनेत ३७ टक्क्यांवर गेली होती. टोमॅटोने कित्येक शहरांत शंभरी कधीच ओलांडली होती आणि पुढे कांद्याचीही वेळ आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या पुन्हा ४२ टक्क्यांनी महाग झाल्या. मधल्या काळात हेच टोमॅटो मातीमोल होतात आणि शेतकरी ते रस्त्यावर ओततो. या सगळ्या उलथापालथीत पाच रुपयांचं पाकीट पाच रुपयांचंच राहतं. तेल महागलं तर कंपनी दोन ग्रॅम काढून घेते, पण छापील किंमतीला हात लावत नाही. आठवड्याचे पैसे मोजून चालवणाऱ्या घराला ही खात्री फार मोठी वाटते. शिवाय पाकीट सडत नाही. अर्धी जुडी मेथी पिवळी पडून टाकावी लागली, तर उरलेल्या मेथीचा भाव दुप्पट झाला, हे घर चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

याचा परिणाम खर्चाच्या आकड्यांतही उतरला आहे. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत पेयं आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ या गटावर ग्रामीण कुटुंबं महिन्याच्या एकूण खर्चापैकी सुमारे ९.६ टक्के आणि शहरी कुटुंबं १०.६ टक्के खर्च करत होती. धान्यावरचा खर्च ग्रामीण भागात ४.९ आणि शहरात ३.६ टक्के. अर्थात या गटात चहा आणि बाहेरून आणलेलं तयार जेवणही मोजलं जातं, तेव्हा सगळं खापर वेफर्सवर फोडू नये. शिवाय रेशनवर धान्य जवळपास फुकट मिळत असल्यामुळे धान्याचा आकडा मुळातच लहान दिसतो. तरी कल कुठे आहे ते स्पष्ट आहे.

स्वस्ताई ही काही आकाशातून पडलेली नाही, ती बनवलेली असते. तयार पदार्थाच्या पाकिटावरचे घटक वाचलेत तर मैदा, साखर आणि पामोलिन ही तीन नावं पुन्हा पुन्हा भेटतात. गव्हाला हमीभाव आहे, सरकारी खरेदी आहे आणि गोदामं आहेत. उसाला ठरवून दिलेला दर आहे आणि महाराष्ट्रात त्याच्याभोवती आख्खं राजकारण उभं आहे. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं. खाद्यतेल आयात करण्यात भारत जगात पहिला आहे आणि तेल महागलं की सरकार आयात शुल्क उतरवतं. मे २०२५ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं गेलं. गृहिणींसाठी दिलासा म्हणून हे योग्यच. पण तेच तेल शेव तळणाऱ्या कारखान्यालाही स्वस्त पडतं. भाजीसाठी मात्र असं काही नाही, ना हमीभाव, ना पुरेशी शीतगृहं. भाजी बाजाराच्या मर्जीवर.

राज्य सरकारच्या 'आनंदाचा शिधा'कडे या नजरेने बघण्यासारखं आहे. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल दिलं गेलं. म्हणजे शंभर रुपयांत जवळपास १९ हजार कॅलरी! सणाचा फराळ करायला हेच जिन्नस लागतात, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही, आणि गरिबाच्या लाडवावर डोळा ठेवणारे लेख मला आवडत नाहीत. तरीही सरकार जेव्हा स्वस्त खाणं द्यायचं ठरवतं तेव्हा हात पहिल्यांदा कोणत्या डब्यांकडे जातो, हे त्यातून दिसतं.

आता पुढचा प्रश्न. किंमत बदलली की खाणं खरोखर बदलतं का?

बदलतं, पण प्रत्येक पदार्थाचं सारखं नाही. अमेरिकेतल्या दीडशेहून अधिक अभ्यासांचा २०१० मध्ये आढावा घेतला गेला. शीतपेय दहा टक्क्यांनी महागलं तर खप साधारण आठ टक्क्यांनी उतरतो, असं त्यात दिसलं. बाहेरच्या खाण्याचंही तसंच. अंडी दहा टक्क्यांनी महागली तर खप तीन टक्केही उतरत नाही. ज्याच्याशिवाय चालतं ते माणूस आधी सोडतो. ही गोष्ट कर लावणाऱ्यांच्या पथ्यावर पडणारी आहे, कारण कर लावायचा असतो तो बहुधा सोडता येण्यासारख्या पदार्थांवरच.

उलट बाजूनेही हेच दिसतं. मिनेसोटात शाळा आणि कार्यालयांतल्या खाऊच्या यंत्रांवर एक प्रयोग झाला होता, २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. कमी चरबीच्या पदार्थांची किंमत दहा टक्के उतरवली तर विक्री नऊ टक्के वाढली, पाव हिस्सा उतरवली तर ३९ टक्के, निम्मी केली तर ९३ टक्के. ना पोस्टर, ना भाषण, नुसती किंमत.

मग चांगलं खाणं स्वस्त करा, झालं! इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. २०१० मध्ये बफेलो विद्यापीठातल्या लिओनार्ड एपस्टाइन यांच्या गटाने काही आयांना एका बनावट दुकानात आठवड्याचा बाजार करायला सांगितला. वाईट पदार्थ महाग केल्यावर त्यांच्या टोपलीतल्या कॅलरी घटल्या. चांगले पदार्थ स्वस्त केल्यावर मात्र एकूण कॅलरी वाढल्या. भाजी-फळांवर वाचलेल्या पैशांतून त्यांनी चिप्स आणि गोड पदार्थ आणले. प्रयोग छोटा आणि प्रयोगशाळेतला होता, त्यावर धोरण उभारू नये. पण महिन्याचा किराणा भरणाऱ्या कोणालाही ते पटेल. डाळ स्वस्त झाली की उरलेल्या पैशांत आपणही घरात काय आणतो?

खाण्यापासून वजनापर्यंतचा टप्पा याहून अवघड आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये केलेला अभ्यास त्यासाठी पाहावा लागतो. वीस धडधाकट माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साधं. पानात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू दोन्हीकडे सारखेच ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या जेवणाच्या दिवसांत माणसं रोज ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. साध्या जेवणावर तेवढीच उतरली. बातम्यांत एवढंच आलं. पण त्याच शोधनिबंधात जेवणाचा खर्चही दिला आहे: दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर प्रक्रिया केलेलं जेवण आठवड्याला १०६ डॉलर, साधं १५१ डॉलर. म्हणजे पाचवा हिस्सा जास्त खाऊनही ते स्वस्तच पडतं. स्वस्त आहे म्हणून घरात येतं, आणि आल्यावर नेहमीपेक्षा जास्त खाल्लं जातं. किंमत आणि वजन यांच्यातला सांधा मला तरी इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

भारतात मात्र चित्र थोडं उलटंपालटं आहे. युरोप-अमेरिकेत गरीब वस्तीत लठ्ठपणा जास्त. आपल्याकडे अजून तो श्रीमंतांत जास्त आढळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातल्या २०.६ टक्के बायका आणि १८.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ मध्ये हे आकडे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. उत्पन्न वाढलं की पहिल्यांदा पाकीट, बेकरी आणि हॉटेल परवडायला लागतं, बैठं काम आणि दुचाकीही त्याच सुमारास येते. म्हणून नुसत्या किंमतीने सगळा लठ्ठपणा समजावता येत नाही. जो समजावतो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

शिवाय आपल्याकडे काटा फसवतो. याज्ञिकांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातापायाने किरकोळ आणि पोटात चरबी, अशी ही भारतीय ठेवण. त्यामुळे स्वस्त साखर-तेलाचा परिणाम आपल्याकडे वजनकाट्याच्या आधी रक्तातल्या साखरेच्या तपासणीत दिसू शकतो.

आता करांकडे. सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण मेक्सिकोचं. तिथे जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लागला, म्हणजे सुमारे दहा टक्के. खरेदी पहिल्या वर्षी अपेक्षेपेक्षा साडेपाच टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी जवळपास दहा टक्क्यांनी घटली. गरीब घरांत घट सगळ्यात मोठी. त्याच वेळी शंभर ग्रॅममध्ये २७५ कॅलरींहून अधिक असलेल्या, आवश्यक नसलेल्या पदार्थांवर ८ टक्के कर लावला गेला. त्यांची खरेदी पहिल्या वर्षी पाचेक टक्क्यांनी घटली, गरीब घरांत दहा टक्क्यांनी, श्रीमंत घरांत जवळजवळ नाहीच. (हा निकष आपल्याकडे लावला तर चकलीही अडकेल, आणि चकली आवश्यक आहे की नाही हा वाद पुढच्या दिवाळीपर्यंत संपणार नाही.)

ब्रिटनने जास्त हुशारी केली. एप्रिल २०१८ पासून तिथे पेयातल्या साखरेनुसार कर आहे. सुरुवातीचे दर असे होते: शंभर मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काही नाही, ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स, त्याच्यावर २४. घोषणा दोन वर्षं आधी, २०१६ मध्येच केली होती. गिऱ्हाईकाच्या खिशाला हात लागण्याआधीच कंपन्यांनी साखर कमी करायला सुरुवात केली. २०१९ च्या सुरुवातीला पाच ग्रॅमच्या वर साखर असलेली पेयं १५ टक्के उरली होती. कर नसता तर ती ४९ टक्के असती, असा अभ्यासकांचा अंदाज. पुढे दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधल्या लठ्ठपणात आठ टक्क्यांची सापेक्ष घट आढळली, म्हणजे कर नसता तर जेवढ्या मुली लठ्ठ असत्या त्यांच्यापेक्षा आठ टक्के कमी. मुलग्यांमध्ये काही फरक दिसला नाही. का, याचं समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात नाही. एवढ्या धडाक्याच्या करानंतर वजनावर इतकाच आणि असा तिरपा परिणाम, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

डेन्मार्कचं हसू झालं. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी संपृक्त चरबीवर कर लावला. त्यात लोणी, चीज, मांस सगळंच आलं. लोक सीमेपलीकडे जर्मनीत जाऊन लोणी आणू लागले, आणि जानेवारी २०१३ पासून कर रद्द झाला. केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के 'फॅट टॅक्स' लावला होता. कोपऱ्यावरचा परोटा त्यातून सुटला होता, आणि वर्षभरात जीएसटी आल्यावर तो करही गेला.

भारतात खरं तर शीतपेयांवर जबर कर आहे. जीएसटी आणि उपकर मिळून आधी ४० टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलानंतरही ४० टक्केच. मेक्सिकोने २०१४ मध्ये लावला त्याच्या चौपट. तरी २०० मिलिलिटरची बाटली दहा रुपयांत मिळते. रिलायन्सने २०२३ मध्ये कॅम्पा हे जुनं शीतपेय परत आणताना हीच दहा रुपयांची जागा पकडली आणि बाकीच्यांनाही त्या भावाकडे बघावं लागलं. कर किंमतीच्या टक्क्यांत असला की पेय स्वस्त विकलं म्हणजे करही आपोआप कमी होतो. दुसरी खोट याहून मोठी. आपला कर साखर मोजत नाही. ११ ग्रॅम साखरेच्या कोल्याला ४० टक्के आणि बिनसाखरेच्या कोल्यालाही ४० टक्के. मग कंपनीने साखर का कमी करावी? ब्रिटनमध्ये जे घडलं त्याचं इंजिनच आपल्या करात नाही.

पेयं सोडून बाकीच्या पदार्थांची दिशा तर उलटीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटं, चॉकलेट, केक, आइस्क्रीम १८ वरून ५ टक्क्यांवर आले, फरसाण, शेव आणि नूडल्स १२ वरून ५ वर. त्याच यादीत पनीर आणि काही प्रकारचं दूध करमुक्त झालं, सुका मेवाही ५ टक्क्यांवर आला, हेही सांगायला हवं. मौज अशी, की त्याच वर्षी जानेवारीत केंद्राच्याच आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रियायुक्त पदार्थांवर 'आरोग्य कर' म्हणून जास्त दर लावण्याचा विचार करता येईल, असं सुचवलं होतं.

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर या कपातीचं काय होतं, तेही बघू. १८ टक्के कर असताना पाच रुपयांतले ४ रुपये २४ पैसे विकणाऱ्यांच्या साखळीत राहायचे. ५ टक्क्यांवर ४ रुपये ७६ पैसे राहतात. हे ५२ पैसे गिऱ्हाईकाला परत द्यायला नाणं नाही. म्हणून कंपन्यांचा कल राहिला तो किंमत तीच ठेवून पुड्यात माल वाढवण्याकडे. पूर्ण फायदा पुढे दिला तर पुड्याचं वजन बारा टक्क्यांनी वाढतं. छोट्या पाकिटावरचा कर किंमतीत दिसतच नाही, तो ग्रॅममध्ये दिसतो. उद्या कर वाढवला तर पाकीट पाचचंच राहील आणि आतला माल घटेल. आरोग्याच्या दृष्टीने ते वाईटच असेल असंही नाही. पाकीट लहान झालं की खाणंही बहुधा थोडं लहान होतं.

असा कर गरिबावर पडतो, हा आक्षेप रास्त आहे. वेफर्ससारख्या सोडता येण्याजोग्या गोष्टीवर तो मला फारसा टोचत नाही. बिस्किटावर टोचतो, कारण तिथे तो एखाद्याच्या दुपारच्या जेवणावर बसतो आणि त्याच्या जागी तितकंच हाताशी, तितकंच तयार दुसरं काही ठेवलेलं नसतं. ते ठेवायचं तर पैसे लागतात, आणि जिथे ते सरळ पोरांच्या ताटात पडतील अशी जागा आपल्याकडे आहे, शाळेचं मध्यान्ह भोजन. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा वेगळा निधी थांबवला आणि द्यायचीच असतील तर शाळांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं सांगितलं. आठ महिन्यांनी केंद्र आणि राज्यं मिळून बसतात त्या जीएसटी परिषदेने बिस्किटांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर उतरवला. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर झाले, आणि महाराष्ट्राला त्या दोन्ही टेबलांवर खुर्ची होती.